आजीच्या लुगड्यांची गोधडी घरीच शिवायचीय, आणि वरून माळवदाची माती गळतेय

सोप्यातली:

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत पण एकाच खोलीतले आहेत म्हणून एकत्रच विचारते, लांबलं तर समजून घ्या.

आमचं घर सोलापुरात शुक्रवार पेठेत, जुनं, माळवदाचं (लाकडावर माती घातलेल्या सपाट छताचं). पुढं ओसरी, मग चौक, चौकाच्या पलीकडं सहा खणांचा (खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा) सोपा. वाटण्या झाल्यावर मागचा भाग दीरांकडं गेला, त्यांनी तो पाडून स्लॅब टाकला, पुढचा जुना भाग आमच्या वाट्याला. गेली दहा वर्षं येणारा-जाणारा प्रत्येक माणूस सांगतो की पाडा हे आणि जुळे सोलापूरला फ्लॅट घ्या. पण मे महिन्यात बाहेर 43 असतं तेव्हा दुपारी सोप्यात शहाबादीवर नुसती चटई टाकून पडलं तरी डोळा लागतो, आणि दीरांच्या स्लॅबखाली रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तरी गरम. त्यामुळं दुपारी जेवणं झाली की जाऊबाई, त्यांची दोन पोरं, माझी दोन, सासूबाई असे सगळे आमच्याकडंच. शिवाय या महिन्यात आत्याबाई (मिस्टरांच्या आत्या) पण आल्यात. एवढी माणसं रोज दुपारी एका जागी बसलेली असतात तर काहीतरी करूया असं माझ्या लेकीनं काढलं, तिनं कुठं तरी गोधडीचा व्हिडिओ बघितला होता.

मग माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. त्यात आजेसासूबाईंची (आम्ही सगळे आजीच म्हणायचो) अकरा नऊवारी लुगडी निघाली. चार इरकल, बाकीची साधी सुती. दोन इतकी विरलेली की उचलली तर बोट आरपार. आणि आजोबांची तीन धोतरं.

इथं घरात दोन पार्ट्या पडल्या. आत्याबाई म्हणतात माझ्या आईच्या लुगड्याला कात्री लावायची नाही. सासूबाई म्हणतात मग काय लोणचं घालायचंय का त्याचं, वीस वर्षं पेटीत पडलंय, कसर लागून जाईल. मी मधे. शेवटी म्हटलं जाणकारांना विचारते.

तर, न कापता गोधडी होते का? किती लुगडी लागतात? आणि दुसरा प्रश्न म्हणजे सोप्याच्या एका खणातून बारीक माती पडते, सकाळी झाडून घेतलं तरी दुपारपर्यंत परत थर. तिथंच बसून शिवणार तर कापडात सगळी माती जाणार. यावर काही उपाय?

(ता.क. फरशीवर जुने डाग आहेत, शेजारणीनं बाथरूमचं ॲसिड टाक म्हणून सांगितलंय. टाकू का?)

बाळीवेशीची सून:

अगं ॲसिड अजिबात टाकू नकोस!! बाकीचं नंतर वाच, आधी ती बाटली लांब ठेव.

आता गोधडीचं. न कापता होते की. कात्रीची गरजच नाही, आमच्या सासूबाईंनी आयुष्यात तीस-चाळीस तरी वाकळा शिवल्या असतील, अख्ख्या लुगड्याची करायची तर कात्री फक्त दोरा तोडायला. हिशोब बघ, नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. त्याची चौघडी घातलीस की बरोबर दोन मीटर लांबी येते, पन्हा सव्वा मीटरच्या आतबाहेर असतोच. म्हणजे एका माणसाला अंगावर घ्यायला एक लुगडं पुरतं. डबलची पाहिजे असेल तर तशाच दोन चौघड्या शेजारी शेजारी ठेवून मधून जोडायच्या.

चौघडी घालताना एक करायचं, आधी अर्ध्यात दुमडायचं, मग परत अर्ध्यात, आणि पदराचा भाग बाहेरच्या अंगाला राहील असं बघायचं. म्हणजे पदर वर दिसतो आणि मधोमध जी फट राहते तिथं पोटात काय घालायचं ते घालता येतं. तुझ्याकडं धोतरं आहेत म्हणालीस ना? एका धोतराची दुघडी पोटात घाल. झाले सहा पदर. याच्यापुढं जाऊ नकोस, हौसेनं आठ-दहा पदर घालतात आणि मग सुई जात नाही, बोटं सोलतात आणि अर्धवट वाकळ परत पेटीत जाते. माझ्या जावेची गेलीय. नाव नाही घेत :)

जी दोन विरलीत म्हणतीस ती वरती घेऊ नकोस, ती पोटात. टाका धरणारं कापड बाहेर पाहिजे. पण एकदम नवंकोरं पण नको, नव्याला खळ असते, सुई अडते आणि पहिल्या धुण्यात ते आकसतं नि जुनं आकसत नाही, मग सगळी गोधडी चुण्या चुण्या.

आधी सगळं धुऊन घे. इरकल वेगळं भिजव, लाल पदर रंग सोडतो, एका चादरीची वाट लावलीय मी. आणि पाणी यायच्या दिवशीच धुवायला काढ, आपल्याकडं चार-पाच दिवसाआड नळ, दोन लुगड्यांत टाकी रिकामी होते आणि मग घरातल्यांची बोलणी खावी लागतात.

शिवायला कच्चा टाका आधी. मधून सुरू करून कडेकडं जायचं, लांब लांब टाके, सगळे पदर एकमेकाला धरून राहतील एवढेच. कडेनं मधे आलात तर मधे झोळ साठतो, तो नंतर कशानं जात नाही. कोपऱ्यांवर वरवंटा, बत्ता, तांब्या काय असेल ते ठेवायचं, शहाबादी सपाट असते त्यामुळं त्याच्यासारखी जागा नाही. मग पक्का धावदोरा, कडेनं चौकटी घेत आत आत. दोन ओळीत बोटभर अंतर. पोरींना एक बाजू द्या, त्यांचे टाके वाकडेतिकडे येतील, येऊ देत.

दोरा शिलाईच्या रिळाचा घेऊ नका, तुटतो. पूर्व भागात कुणी ओळखीचं असेल यंत्रमागवालं तर सुताचा कोन मागून घ्या, दोन पदरी करून वापरायचा.

आणि माती गळलालीय म्हणतीस त्याचं मला काही कळत नाही, ते इथले पुरुष सांगतील, त्यांना सांगायला आवडतं.

चुनखडी:

वरच्या टोमण्यासह हजर आहे.

आधी ॲसिडचं कारण सांगतो, कारण नुसतं नको म्हटलं की लोक टाकतातच. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. आपल्या गाडीच्या वाटेवरच आहे शहाबाद, गुलबर्ग्याच्या पुढं वाडीच्या आधी. चुनखडीवर ॲसिड पडलं की फेस येतो, तो फेस म्हणजे तुमची फरशीच विरघळतेय. डाग जातो, पण वरची पन्नास वर्षांची घोटलेली चकाकी पण जाते आणि खरबरीत झालेला दगड पुढचे सगळे डाग दुप्पट पितो. लिंबू, व्हिनेगर पण नको, तेच होतं सावकाश. साबणाचं कोमट पाणी, नारळाच्या शेंडीचा घासणा, आणि संयम.

आता माळवद. फोटो नाही त्यामुळं अंदाजानं बोलतो. तुळया, त्यावर वासे, त्यावर किलचन (आडव्या लाकडी फळ्या-तुकडे), त्यावर पाला किंवा काटक्या आणि वर पांढरी माती, अशी रचना असते. माती एकाच खणातून पडतेय म्हणजे बहुतेक त्या खणाच्या किलचनीचे एखाद-दोन तुकडे सरकलेत किंवा वाळवीनं खाल्लेत. आधी ते खालून टॉर्च लावून बघा. स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा, भसकन आत गेला तर लाकूड गेलं, ते बदलावंच लागेल आणि तोपर्यंत त्या खणाखाली पोरांना बसवू नका, हे मी चेष्टेत सांगत नाहीये. नुसती बारीक माती झिरपत असेल आणि लाकूड टणक असेल तर घाबरायचं कारण नाही, जुन्या माळवदाला एवढं चालतंच.

दुसरं म्हणजे वर चढून बघा. गवत उगवलंय का? पिंपळाचं रोप आहे का? मुळं खाली जाऊन वाट करतात, माती तिथूनच सुटते. उपटायचं, आणि पावसाळ्याच्या आधी वरची भुसभुशीत झालेली माती काढून त्या जागी चाळलेली पांढरी माती ओली करून पसरायची, चोपायची, उतार पन्हाळीकडं ठेवायचा. काढून मगच घालायची बरं का. लोक काय करतात दरवर्षी वर भर टाकत जातात. एक घनफूट माती साधारण 45 किलो धरा, दहा बाय बाराच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे साडेपाच टनाच्या आसपास वजन झालं, त्यात पाणी मुरलं की आणखी. वासे बिचारे किती वर्षं धरतील. माळवद पावसानं पडलं म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा ते या वजनानं पडलेलं असतं, हे आपलं माझं मत.

काळी माती चुकूनही घालू नका. शेतातून फुकट मिळते म्हणून एकानं घातली होती, पावसात फुगली, उन्हाळ्यात एवढाल्या भेगा पडल्या की खाली बसून आकाश दिसत होतं. तसंही सवणं (उजेडासाठी माळवदाला ठेवलेलं भोक) होतंच, त्याला आणखी चार मिळाली.

आणि वरून सिमेंटचा कोबा टाकायचा सल्ला नक्की येईल. नको. लाकूड हलतं, सिमेंट हलत नाही, भेग पडते, पाणी आत जातं आणि वरून बंद असल्यामुळं वाळत नाही. पाच-सहा वर्षांत वासे कुजतात. भिंतींचं पण तेच, मातीच्या भिंतीला सिमेंट प्लास्टर केलं की ओल आतच कोंडते आणि पोपडे पडतात. चुन्याचाच गिलावा करा.

तोपर्यंत सोपा उपाय, सोप्यात वरून कापडी छत बांधा. पूर्वी सगळ्या घरात असायचं. वाशांना खिळे मारू नका, भिंतीच्या खुंट्यांना दोऱ्या ताणून चादर बांधा. महिन्यातून एकदा काढून झटकायची. सोलापुरात राहून चादर नाही म्हणू नका.

पुण्यात_अडकलेला:

सवणं!!! हा शब्द पंधरा-वीस वर्षांनी वाचला. आमच्या वाड्यात सवण्यातून उन्हाचा गोल खाली पडायचा आणि आम्ही भावंडं दुपारभर त्याच्याबरोबर सरकत बसायचो, आजी त्या गोलावरून वेळ सांगायची, कुडाच्या खुंटीपाशी आला की चहा. माझी मुलगी विचारते बाबा तुम्ही इतके गरीब होता का घड्याळ नव्हतं. काय सांगणार.

आमचं घर विकलं. आता तिथं खाली मोबाईलची दुकानं, वर क्लासेस. असो.

मूळ प्रश्नाबद्दल, इतकी मेहनत करण्यापेक्षा मशीनवर का नाही मारत? पुण्यात क्विल्टिंगवाले आहेत, दोन दिवसात करून देतात, फिनिशिंग पण छान.

बाळीवेशीची सून:

दादा तुम्ही खरंच अडकलात पुण्यात.

मशीनचा टाका घट्ट असतो ओ, जुनं विरलेलं कापड त्या टाक्याच्या रेषेवरच फाटतं. हाताचा टाका ढिला असतो, कापडाबरोबर सरकतो, म्हणून आधीच म्हातारं झालेलं कापड आणखी दहा-वीस वर्षं काढतं. नव्या कापडाची गोधडी मशीनवर करा की, कोण नको म्हणतंय. आणि दोन दिवसात झाली तर मग दुपारी त्या सहा-सात जणींनी काय करायचं, मोबाईल?

अक्कलकोटची:

आमच्याकडं कौदी म्हणतात, घरात कन्नड बोलतो आम्ही. एक गोष्ट राहिली वर, चार कोपऱ्यांना त्रिकोणी चिंधी दुमडून लावायची, आधी फाटतात ते कोपरेच, कारण ओली कौदी उचलताना माणूस कोपरा धरून ओढतो. रंगीत लावली तर दिसायला पण छान. माझी आई शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी चिमूटभर ज्वारी टाकायची आत, पोट रिकामं राहू नये म्हणून.

चुनखडी:

ज्वारी टाकू नका. माळवदाच्या घरात उंदीर असतात. आईंचा मान राखून सांगतोय.

अक्कलकोटची:

आमच्या घरी मांजर होतं :)

सोप्यातली:

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. इतकं सविस्तर कोणी सांगेल वाटलं नव्हतं. ॲसिडची बाटली शेजारणीला परत दिली, ती जरा फुगलीय.

झालं ते सांगते. टॉर्च लावून मिस्टरांनी आणि दीरांनी बघितलं, किलचनीचा एकच तुकडा सरकला होता, लाकूड टणक आहे, स्क्रूड्रायव्हर आत गेला नाही. वर मात्र पिंपळाचं बोटभर रोप निघालं, पन्हाळीच्या तोंडाशीच. ते काढलं. पांढरी माती कुठं मिळते हे विचारायला मिस्टर गावाकडच्या मामांना फोन करत होते तर मामा म्हणाले ट्रॉली पाठवतो, पण जेवायला कडक भाकरी आणि शेंगा चटणी पाहिजे, शहरात आल्यावर भात-पोळी घालून बोळवण करू नका. छत म्हणून जाऊबाईंच्या रुखवतातली मोराची चादर बांधलीय. आता सोप्यात पडलं की वर मोर दिसतात, पोरं खूश.

आता खरी गंमत. लुगडी धुतली, वाळवली (चौकात दोरीवर अकरा लुगडी, गल्लीतले लोक डोकावून विचारत होते काय कार्य आहे), आणि आत्याबाईंना सांगितलं की कात्री लागतच नाही, चौघडी घालायची. त्या तयार झाल्या. म्हणाल्या मग ते हिरवं इरकल घ्या, आई अक्षता सोहळ्याला तेच नेसायची, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पाहुण्यांनी घर भरलेलं असायचं आणि ती त्या लुगड्यावर चुलीपाशी. ठीक. लेकीनं आणि मी एकेक टोक धरलं, चौघडी घातली तर लांबी भरेना. हातभर कमी. परत केलं, परत तेच. नऊ वार नाहीच ते. मग जाऊबाईंनी बोट फिरवत बघितलं तर मधोमध दांड. इतक्या बारीक टाक्यानं घातलेला की उजेडात धरल्याशिवाय दिसत नव्हता, आणि दांडाच्या पलीकडचं कापड हिरवंच पण वेगळं हिरवं, काठ पण जरा वेगळा.

लेकीनं विचारलं दांड म्हणजे काय. सासूबाईंनी सांगितलं की लुगडं बसून बसून मधेच विरतं, मग तो भाग कापून टाकायचा आणि दुसऱ्याचा चांगला तुकडा जोडायचा, निऱ्यांत लपून जातो, कुणाला कळत नाही. आत्याबाई ते दुसरं हिरवं हातात धरून बघत होत्या बराच वेळ. मग म्हणाल्या, हे माझंय. फाटलं म्हणून इथंच टाकून गेले होते मी बाळंतपणाला आले तेव्हा.

पुढं कोणी काही बोललं नाही थोडा वेळ. पंख्याचाच काय तो आवाज. मग आत्याबाईच म्हणाल्या की लांबी कमी पडतेय तर त्या निळ्या सुती लुगड्याचा पट्टा जोडा, आणि कात्री कुठंय, द्या इकडं, तुम्हाला सरळ कापता येणार नाही.

म्हणजे न कापता कशी करायची म्हणून एवढा धागा काढला आणि शेवटी कापलंच, तेही त्यांनी. सासूबाई माझ्याकडं बघून हसल्या पण बोलल्या नाहीत, नशीब.

कच्चा टाका झालाय. पोटात आजोबांचं धोतर. धावदोऱ्याच्या पाच चौकटी झाल्यात, आत्याबाईंची बाजू छापल्यासारखी, माझी बरी, पोरींची विचारू नका. दीर पण एक दुपार बसले होते, तीन टाके घातले आणि सुई मोडली. ज्वारीवर अजून एकमत नाही.

एकच अडचण, मधल्या बोटाला सुईच्या बुडानं भोक पडायची वेळ आलीय. अंगुस्तान (शिवताना बोटात घालायची टोपी) कुठं मिळेल? दोन दुकानांत विचारलं, मुलांना शब्दच माहीत नाही.

बाळीवेशीची सून:

मधला मारुतीच्या तिकडं शिलाई सामानाच्या दुकानात विचार, पण काउंटरवरच्या पोराला नको, मागं बसलेल्या म्हाताऱ्यांना विचार. पितळी घे, प्लास्टिकचं फुटतं. आणि दोन घे, एक हरवतंच. फोटो टाक झाल्यावर, पोरींच्या बाजूचा.